पेन्सिलीची चार भोकं

गेली चार वर्षं मी उलव्यातल्या एका सराफाच्या दुकानाच्या दारात उभा राहतो. अंगावर सिक्युरिटी एजन्सीचा निळा गणवेश आणि कमरेला माझी स्वतःची रिव्हॉल्वर. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा तिचा परवाना काढून ठेवला होता. कशाला, म्हणून बायकोनं डोकं खाल्लं होतं. पण मुलाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि मला त्याचं उत्तर मिळालं. कमरेला हत्यार लावून सकाळी बाहेर पडणारा म्हातारा घरात चालतो, रिमोट धरून सोफ्यावर बसलेला चालत नाही. मी सुनेला बोल लावत नाही. मलाही तो चालला नसता.

आमच्या एजन्सीचं ऑफिस पावण्याला, कारखान्यांच्या गर्दीत. तिचा नियम असा की हत्यारी माणसानं वर्षातून एकदा गोळीबाराची परीक्षा द्यायची. माणसाच्या आकाराचं कागदी टारगेट, दहा गोळ्या, त्यातल्या सहा लागल्या पाहिजेत. लागल्या तर पास झाल्याचा कागद मिळतो. नाही लागल्या तर हत्यार घरी ठेवायचं आणि सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांची नावं लिहीत बसायचं. माझ्या वयाला तेही कोणी देत नाही.

पहिली तीन वर्षं मी या परीक्षेला सहलीला जावं तसा गेलो. गेलोच असतो. नोकरीतली अकरा वर्षं मी फायरिंगचा उस्ताद होतो. कित्येक पोरांना बंदूक धरायला मी शिकवलं, आणि चुकली की त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. यंदा मात्र उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "गेलं ते गेलं, आता उरलेलं टिकवायचं." त्या डोळ्याला आता समोरचा माणूस म्हणजे मळका पडदा दिसतो. बायको रोज दोन वेळा थेंब घालते. तिच्याखेरीज हे कोणाला ठाऊक नाही. महिनाभर मी बाल्कनीत उभा राहून समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर डाव्या डोळ्यानं नेम धरत होतो. डावा डोळा बरा आहे, पेपर वाचता येतो. पण हाताला चाळीस वर्षांची उजव्या डोळ्याची सवय. तो ऐकेना.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्या तुकडीत निवृत्तीला टेकलेला एक हवालदार होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वार्षिक फायरिंगला त्याची एकही गोळी टारगेटला शिवली नाही. त्या दिवशी मी टारगेटमागच्या खड्ड्यात होतो. तिथं बसून टारगेट वर-खाली करायचं आणि लागलेल्या गोळ्या मोजायच्या. माझ्यासोबत एक नवा शिपाई होता. मी कानावरची पेन्सिल काढली आणि टारगेटला हवी तेवढी भोकं पाडली. पोरगं बघतच राहिलं. मी म्हणालो, "म्हाताऱ्याला आता कुठं गोळी चालवायचीय? जाऊ दे." संध्याकाळी त्या हवालदारानं सगळ्यांना भजी खिलवली. आपला नेम अजून शाबूत आहे असं तो सांगत सुटला आणि आम्ही एकमेकांना कोपरं मारत खाली मान घालून हसलो. ही चाल काही मी काढलेली नव्हती, सगळीकडे चालायची. तिला आम्ही दया म्हणायचो. आपण त्याचं काही बिघडवतोय असं माझ्या मनातही आलं नाही.

तो नवा शिपाई पुढं फौजदार होऊन निवृत्त झाला. आता आमच्या एजन्सीची परीक्षा तोच घेतो.

परीक्षेला आम्हाला गाडीनं तळोज्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी नेलं. माझी पाळी आली. हत्यार रिकामं असल्याचं दाखवलं, सहा गोळ्या भरल्या, हुकूम मिळाला. मी डावा डोळा लावला. टारगेट स्पष्ट दिसत होतं. हत्याराच्या टोकाचा माशी म्हणतात तो उंचवटाही दिसत होता. पण दोन्ही एका रेषेत आणायला गेलो की मान आपोआप वळायची आणि उजवा डोळा पुढं यायचा, की मळका पडदा. सहा झाडल्या. चार भरल्या, त्याही झाडल्या. रिकाम्या पुंगळ्या मोजून परत केल्या. दहाच्या दहा होत्या. तेवढं एक मला अजून नीट जमतं.

टारगेट बघायला मी निघालो तर फौजदारसाहेबानं हात आडवा घातला. "उस्ताद, तुमी सावलीत बसा. मी बघतो ना." तो गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. दहा भोकं मोजायला लागतो त्याहून जास्त वेळ तो तिथं उभा होता. परत आला तेव्हा हसत होता. "सहा! बॉर्डरवर आलात, पण पास." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्याच्या खिशातल्या पेन्सिलीकडे बघत होतो.

टारगेट मी मागून घेतलं आणि गाडीत मागच्या सीटवर बसून मांडीवर पसरलं. गोळीच्या भोकाला कडेनं करडं वलय असतं, ते बोटाला लागतं. पेन्सिलीच्या भोकाला वलय नसतं, कागद नुसता मागं फाटतो. हे मीच पोरांना शिकवलेलं. वलय दोन भोकांना होतं, तीही खांद्याच्या कडेला. उरलेली चार छातीवर, मधोमध, अगदी छान पाडलेली.

उतरताना मी त्याला गाठलं. म्हणालो, "साहेब, दोनच आहेत."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "उस्ताद, घरी जा. तुमाला आता कुठं गोळी चालवायचीय? दारात तर उभं राहायचंय."

मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. रागावायला समोर माझंच वाक्य होतं. त्या दिवशीची भजी आठवली. त्या म्हाताऱ्यालाही कळलं असेल का? कळूनही त्यानं भजी खिलवली असतील का? तो आता या जगात नाही, विचारणार कोणाला?

घरी सांगून टाकायचं आणि नोकरी सोडायची असं ठरवूनच मी दार उघडलं. मुलानं हातातला पास झाल्याचा कागद ओढून घेतला. "अण्णा अजून फॉर्मात हायेत!" असं स्वयंपाकघराकडे ओरडला. सून बाहेर येऊन हसली, माझ्याकडे बघून हसली, आणि त्या रात्री तिनं शिरा केला. मी तो खाल्ला. मी भित्रा आहे, दुसरं काही म्हणता येत नाही.

सकाळी मी रिव्हॉल्वरमधली काडतुसं काढून कपाटात कुलपात ठेवली. डोळ्यानं अधू माणसानं गर्दीच्या दुकानात गोळी झाडण्यापेक्षा न झाडलेली बरी, एवढी अक्कल अजून उरली आहे. बायको थेंबांची बाटली घेऊन मागं उभी होती.

"गोळ्या घरी ठेवल्यात?"

"हो."

"आनि तिथं काय झालं तर?"

मी डोकं मागं टेकवलं आणि डोळा उघडा धरला. तिनं थेंब घातले.

दुकानात सराफाची सून गल्ल्यावर बसते. मागच्या महिन्यात जवळच्या एका दुकानात चोरटे शिरले, तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती शटर अर्धं खाली ओढायची आणि आत दागिने दाखवणाऱ्या माणसाला जेवायलाही सोडायची नाही. त्या दिवशी तिनं माझा पास झाल्याचा कागद मागितला, प्लास्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोशेजारी लावला आणि आतल्या माणसाला म्हणाली, "तुमी जा घरी जेवायला, सावकाश या. काका आहेत ना, आता टेन्शन नाही." मग तिनं शटर पूर्ण वर केलं.

"आहात ना काका?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.