खताला पाणी मारणारा इंजिनीअर

दिवसभर मी लोकांच्या डोक्यावर काँक्रीट ओततो. स्ट्रक्चरल इंजिनीअर दुसरं काय करणार? पर्यावरणाचं खूळ मात्र माझं स्वतःचं, ऑफिसने लादलेलं नाही. शाश्वत विकासावरची व्याख्यानं ऐकून यायचं आणि घरभर पंखे बंद करत फिरायचं. बायको म्हणायची, "पृथ्वी नंतर वाचव, आधी इथे आम्ही उकडतोय."

तर मी, विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीच्या मागे लागून लागून, ओल्या कचऱ्याच्या खतासाठी दोन ड्रम मंजूर करून घेतले. जिन्यामागची जागा मिळाली. निम्मी घरं कचरा वेगळा देऊ लागली आणि मी हवेत तरंगायला लागलो. रोज साइटवर जाण्याआधी आणि आल्यावर ड्रममध्ये पाइपने मनसोक्त पाणी मारायचं, झाकण घट्ट लावायचं. नवा स्लॅब कोरडा पडला तर तडकतो, पाण्यात कसूर नको, हे वर्षानुवर्षं मी साइटवर सगळ्यांना दटावत आलोय. हात आपोआप पाइपकडे जायचा.

तिसऱ्या आठवड्यात वाट लागली. वास दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला. सेक्रेटरी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, पण त्यानेही ऐकून घेतलं नाही. "तुझं पर्यावरण आमच्या हॉलमध्ये येऊन बसलंय यार. पुढच्या रविवारी सभा आहे. तोवर वास गेला नाही, तर ड्रम भंगारात."

मला फार लागलं ते. ड्रम गेले असते तर या सोसायटीत पुन्हा कोणी कचरा वेगळा केला नसता. आणि मी पर्यावरणाबद्दल तोंड उघडलं की लोकांनी नाक धरलं असतं.

त्याच संध्याकाळी मी पाइप घेऊन ड्रमपाशी उभा होतो. तळमजल्यावरच्या काकू पदर नाकाला लावून आल्या. काकू मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते. त्यांनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं.

"ह्यां काय केलंस रे झिला? पाणी कित्याक मारतंस?"

"स्लॅबला मारतो तसं, काकू."

"ह्यो काय स्लॅब आसा?"

मी पाइप खाली केला.

"ह्येका वारो होयो. पातेरो घाल नि ढवळ," म्हणाल्या, आणि माझ्या हातातला पाइप काढून, गुंडाळून, सरळ आपल्या घरी घेऊन गेल्या.

खताला पाणी नाही, वारा हवा होता; आणि पातेरो म्हणजे वाळका पाला. आमच्या अंगणातलं बदामाचं झाड तो रोज ढिगाने गाळतं, आणि आम्ही तो पोत्यात भरून कचरागाडीला देत होतो. मी ड्रमच्या तळाला भोकं पाडली, साचलेलं पाणी जाऊ दिलं, पाला कोंबला. रोज सकाळी काकू दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि मी फावड्याने ढवळायचो. साइटवर मी इतका घाम कधी गाळलेला नाही.

रविवारी अख्खी सभा जिन्यामागे आली. सेक्रेटरीने रुमाल तयार ठेवून झाकण उचललं, वाकला, आणि रुमाल परत खिशात घातला. "राहू देत ड्रम," एवढंच म्हणाला. मला इतका आनंद झाला की तिथेच त्याला मिठी मारली.

संध्याकाळी काकूंकडे पाइप मागायला गेलो. कुंड्यांना पाणी घालायचं होतं. त्या आत गेल्या आणि भरलेला तांब्या आणून माझ्या हातात दिला.

"ह्येनी घाल," म्हणाल्या. "पाइप तुका मेळाचो नाय."

पाइप अजून त्यांच्याकडेच आहे.