जादूगाराच्या तोंडचे शब्द

सेन नदीकाठच्या आमच्या गावात अंसोची ओळख दोन गोष्टींसाठी होती. त्याच्या मेणबत्तीला धूर नसे, आणि संत निकोलसच्या सणाला चर्चसमोर जे नाटक होई त्यात जादूगार तोच असे. त्याच गल्लीत मुलांना लॅटिन शिकवत मी म्हातारा झालो, त्यामुळे त्याचं काम मी दरवर्षी पाहिलं. काळा झगा घालून तो हात वर करी आणि गरजे, "अदोनाय! सबाओत! आग्ला!" लगेच मंचाखालून धूर निघे आणि शेपटीवाला सैतान उडी मारून वर येई. बायका किंचाळत. हे शब्द ज्यूंचे आणि सैतान त्यांना वश होतो, एवढंच अंसोला ठाऊक होतं.

अंसोच्या समोरच्या घरात व्हिव आणि बेलासेतबाई हे ज्यू जोडपं राहत असे. व्हिवचा द्राक्षमळा होता. संध्याकाळी तो आणि अंसो ओट्यावर सोंगट्या खेळत. नाटकाच्या दिवशी मात्र त्यांच्या खिडक्या बंद असत. "सैतानाला घाबरतात!" अंसो हसून म्हणे.

मग एका हिवाळ्यात व्हिव वारला.

अंसो भेटायला गेला. घरचे सगळे जमिनीवर बसले होते. दुःखातलं माणूस आधी बोलल्याशिवाय पाहुण्यानं बोलायचं नाही, ही त्यांची रीत. अंसोला ती ठाऊक नव्हती आणि शांतता सोसवत नव्हती. ह्यांचेच शब्द म्हणावेत, तेवढंच बरं वाटेल, असं त्याच्या भोळ्या मनात आलं. त्यानं हात जोडले आणि नाटकातले ते शब्द म्हटले. पण त्याला ते एकाच आवाजात येत होते. घर दणाणलं. एका म्हाताऱ्यानं हातातली दुखवट्याच्या मसुरीची वाटी खाली ठेवली आणि तोंड झाकून घेतलं.

"हळू रे, अंसो," बेलासेतबाई म्हणाल्या. "त्यातलं पहिलं नाव देवाचं. शेवटच्या प्रार्थनेत तेच घेत व्हिवनं प्राण सोडला, डोळ्यांवर हात ठेवून. एरवी प्रार्थनेबाहेर आम्ही ते उच्चारतसुद्धा नाही."

"म्हणजे... मी काय ओरडतो ते त्याला कळायचं?"

"दरवर्षी. खिडकीआड बसून ऐकायचा. म्हणायचा, आवाज मात्र झकास आहे गाढवाचा."

"आणि तरी संध्याकाळी खेळायला यायचा?"

"यायचा."

अंसोला मान वर करता येईना.

पुढच्या सणाआधी तो नाटकाचा कारभार पाहणाऱ्या ओदोंकडे गेला. "ते शब्द काढा ना."

"मग सैतानाला बोलवायचं कसं? 'या पाव्हणं, जेवायला चला' म्हणून?" ओदों म्हणाला. तालमीला जमलेले सगळे खदखदून हसले. "का रे, काय झालं?"

खरं सांगितलं तर ज्यूंचा चमचा म्हणतील, अशी अंसोला भीती होती. "घसा बसलाय," तो पुटपुटला. काम रेनिए खाटकाला मिळालं.

नाटकाच्या दिवशी अंसो दुकानाच्या फळ्या लावून आत बसला. समोरच्या खिडक्याही बंद होत्या. रेनिएचा आवाज त्याच्याहून मोठा. प्रत्येक नाव फळ्यांतून स्पष्ट आत आलं. मेणात बुडवलेली वात अंसोच्या हातात तशीच थिजली.

संध्याकाळी बेलासेतबाईंनी खिडकी उघडली.

"घसा कसा आहे रे? बसलाय म्हणे."

अंसोनं मेणानं माखलेली बोटं पुसली.

"घसा बसलाच नव्हता, बाई," तो म्हणाला.