काचेवरची टेप

चार माणसं एका छपराखाली वर्षानुवर्षं बसली की किस्से साचतात. आमच्या टेबलाखाली काळ्या टेपचे तुकडे साचायचे, तसेच. कितीही झाडा, एखादा चपलेला चिकटून घरी यायचाच.

मी सातवी शिकलेलो. ठाण्याला नौपाड्यात देसाईसाहेबांकडे सर्किट बोर्डांचे नकाशे करायचो. खालून दिवा असलेलं काचेचं टेबल, त्यावर फिल्म. बोर्डावर तांब्याची रेघ जिथून जाणार, तिथे टेप चिकटवायची. सगळं दुप्पट मोठं. कॅमेऱ्यात मग ते निम्मं व्हायचं. माझी एक रेघ कधी दुसरीला टेकली नाही.

*

नव्वदच्या सुमारास कॉम्प्युटर आला. त्यावर नकाशे करायला कल्याणची सुनंदा कांबळे आली. कॉम्प्युटरच्या खोलीत साहेबांनी ए.सी. बसवला, चपलांना बंदी केली.

"इतकी वर्षं मी घामात बसलो," मी म्हटलं.

"काका, तुम्ही तापलात तरी चालता. कॉम्प्युटर बंद पडतो!" सुनंदा म्हणाली.

*

कॅमेरा सांभाळायचा बाळकुमचा एक कोळी. आम्ही त्याला नाखवा म्हणायचो. सुनंदाचा पहिला नकाशा कॉम्प्युटरनं खऱ्या मापात छापला. नाखव्यानं सवयीनं निम्मा केला. बोर्ड आला काडेपेटीएवढा.

साहेब लालबुंद. नाखवा शांत. "साहेब, पार्टीला सांगा, जागा वाचली."

*

मग साहेबांनी सांगून टाकलं. डोंबिवलीच्या पार्टीचा बोर्ड पूर्ण कॉम्प्युटरवर झाला, तर शनिवारी माझं टेबल भंगारात. मी टेप कापायचं ब्लेड पुसून ठेवलं.

शुक्रवारी कॉम्प्युटरनं बाकी सगळ्या रेघा जोडल्या, पाच उरल्या; दुसरीला न टेकता जायला त्यांना वाट मिळेना. पुन्हा चालवला, पुन्हा पाच. सुनंदा रडकुंडीला आली. साहेब तिच्या डोक्यावर उभे.

"काका, जरा बघता का?" तिनं हाक मारली.

गप्प बसलो असतो तर टेबल वाचलं असतं. चपला काढून आत गेलो. कॉम्प्युटरचा पडदा बघितला. ती मोठी आयसीची चिप आडवी कर म्हटलं. तिनं केली, पुन्हा चालवला. पाचाच्या दोन झाल्या.

पुढची रेघ कुठून न्यायची ते बोटानं दाखवलं. तिला कळेना. खिशातून टेप काढली, पडद्याच्या काचेवर चिकटवली, वळणावर ब्लेडनं कापली.

"अहो, पडदा!" साहेब ओरडले.

सुनंदानं माउस धरला आणि टेपखालून रेघ नेली. एक उरली.

साहेब टेप काढायला पुढे झाले. ती मान न वळवता म्हणाली, "राहू द्या, साहेब. काका, खुर्ची घ्या."