घरटी एक माणूस

तात्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉटन ग्रीनच्या गोदामात पोती उतरवून घेत होतो. नंबर अनोळखी होता. गावचा असेल, म्हणून मी उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कळलं, घोडपदेवहून तात्यांचे शेजारी बोलत होते... दीड महिना झाला, ते न उचलणं डोक्यातून जात नाही.

तात्या माझे धाकटे काका. लग्न केलं नाही. गिरणी बंद पडली तरी चाळीतली खोली सोडली नाही, आणि त्या खोलीतच त्यांनी अलिबागकडचं आमचं खाडीकाठचं गाव मांडलं होतं. बाहेरची गॅलरी म्हणजे खाडी, उंबरा म्हणजे बांध, मोरी म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी उघाडी. फरशीची एकेक लादी म्हणजे नावासकट एकेक शेत. लहानपणी मी चपला घालून आत शिरलो की ओरडायचे, "अरे, रोपांत पाय दिलास!" मग सांगत बसायचे, पणज्यांनी चिखलाची ढेकळं हातोहात देत खाडी कशी मागे हटवली, खाऱ्या मातीत तगणारा तांबडा भात कसा लावला. बांध कुणा एकाचा नाही. तो फुटला की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावणार, पुढच्या उधाणाच्या आत बुजवणार. तात्यांचं घमेलं कायम उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकलेलं. चाळीत कुणी मागितलं तर म्हणायचे, "दुसरं बघ रे. हे कामावर आहे."

गेल्या वर्षी गावाहून वहिनीचा, म्हणजे चुलतभावाच्या बायकोचा, फोन आला. तात्यांना फोनवर ऐकू येत नसे, म्हणून निरोप माझ्याकडे यायचे. "भावजी, तात्यांना सांगा, खांड पडलीय..." आणि लाइन तुटली. आमचे शेठ गुजराती, गोदामात दिवसभर खांड म्हणजे साखर. मला वाटलं, कुणाची तरी शुगर पडली. मी मेसेज टाकला, 'लगेच गोड काहीतरी द्या.' बाराव्याला हा किस्सा मीच सांगितला. रडून थकलेली माणसं हसली. वहिनी हसली नाही, भांडी विसळत राहिली.

कारण पुढचं फक्त तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला होता. "साखर नाय हो! खांड म्हणजे बांध फुटलाय. हे पाय मोडून पडलेत, आपल्या घरातनं कुणी नाय." मी म्हणालो, "बघतो." तात्यांना सांगितलं असतं तर ऐंशीच्या गुडघ्यांनी ते घमेलं घेऊन निघाले असते, आणि मला रजा टाकून बरोबर जावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. माणसं कमी पडली, उधाण आत आलं, आमच्या दोन्ही शेतांत मीठ फुललं.

दिवाळीत गावचं कुणीतरी तात्यांना सांगून गेलं. मला त्यांनी एवढंच विचारलं, "निरोप आला होता तुला?"

"साखर समजलो, तात्या."

ते हसले. मग लाद्यांकडे बघत म्हणाले, "माझीच चूक रे. तुला सोपं पडावं म्हणून मी 'फुटला' म्हणायचो. खांड हा शब्दच तुला दिला नाही..."

तेव्हाही मी गप्प बसलो. चूक आपली, असं समजून ते गेले.

चाळ आता पाडणार आहेत. परवा खोली रिकामी करायला गेलो, तर चपला आपोआप गॅलरीत निघाल्या. भांडीकुंडी शेजाऱ्यांना दिली. घमेलं घरी आणलं. बायको म्हणाली, "हे माळ्यावर टाकू?" म्हटलं, "नको, दाराशीच राहू दे."

ते भिंतीला टेकवलं आणि तिथंच उभ्या उभ्या वहिनीला फोन लावला. "आता खांड पडली आणि आपल्या घरातनं कोण, असं विचारलं, तर माझं नाव सांगा."

 मग ती हळूच म्हणाली, "सांगेन. पण फोन उचलाल ना, भावजी?"