तिच्या वतीने दिलेलं उत्तर

गल्लीत तिला सगळे ताईच म्हणत, वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. नवऱ्यामागे तिने शिलाईचं दुकान चालवलं, धाकट्या बहिणीला वाढवलं आणि तिच्या वतीने बोलायची सवयच लावून घेतली. धाकटीला भूक आहे की नाही, हेही ताईच सांगे.

अडतिसाव्या वर्षी धाकटीचं अंगावरून जाणं थांबेना. सोनोग्राफीत गर्भाशयात तीन गाठी निघाल्या. "पिशवी काढायची गरज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटी रक्त द्यायला बाजूच्या खोलीत गेली, तेव्हा त्यांनी ताईला विचारलं, "पुढे मूल हवंय का हिला?"

"छे हो, आता कुठलं," ताई म्हणाली.

धाकटीच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. पण शाळेच्या गणवेशांची ऑर्डर डोक्यावर होती आणि काजं करायला तिच्यासारखा हात दुसरा नव्हता; मुलाचा विचार धरला तर उपचार लांबणार, असं ताईला वाटलं.

धाकटी परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. दुर्बिणीतून गाठी काढून पिशवी शिवता येते, पण मग महिनाभर आराम. ध्वनिलहरींनी गाठ बाहेरूनच तापवतात, चिरा नाही, पण हिच्या गाठी त्याला फार मोठ्या. तिसरा उपाय म्हणजे मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा तोडायचा. गाठी हळूहळू आकसतात, बाई दहा-बारा दिवसांत कामाला लागते. "तुम्हाला हाच बरा," त्या म्हणाल्या. ताईने मान हलवली, म्हणून धाकटीनेही.

घरी ताईने माहितीचा कागद वाचला. या तिसऱ्या उपायानंतर दिवस राहण्याची खात्री देता येत नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. तिने कागद कापडाच्या थप्पीखाली सरकवला. चार दिवस देवापुढे बसली, पण जप ओठांवरच राहिला. देवाला तोंड दाखवणं सोपं, धाकटीला दाखवणं जड जाऊ लागलं.

पाचव्या दिवशी तिने कागद मशीनवर ठेवला. "तू आत होतीस तेव्हा त्यांनी विचारलं होतं. मूल नको, असं मी सांगितलं."

धाकटीने कागद सावकाश वाचला. "मला विचारायचं नाही सुचलं?"

"गणवेश होते."

"म्हणजे माझ्या पोटापेक्षा शाळेतल्या पोरांच्या शर्टांची काळजी."

ताईने गणवेशांची थप्पी बाजूला सारली. नसतं उत्तर एकदा देऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ताई सवयीने उठली, तशी धाकटी म्हणाली, "तू बाहेर बस." दार लागलं. ताई बाकावर बसून राहिली. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, आणि ऐकायचा आपला हक्क नाही, हेही आज कळत होतं.

अर्ध्या तासाने धाकटी आली. "दुर्बिणीचं ठरलं. नंतर महिनाभर मशीन बंद. मूल होईलच असं नाही म्हणाल्या, पण वाट मोकळी राहील."

"बरं," ताई म्हणाली. मग बाकावरून उठत म्हणाली, "रागावलीस?"

"रागावलेय तर. इतक्यात जायचाही नाही तो," धाकटी म्हणाली. "ही हातातली पिशवी धर, माझं पोट दुखतंय."