उपाशी ठेवलेला तुकडा

नांदेडला विद्यापीठात मी तुरीच्या मर रोगावर पीएच.डी. करत होते आणि त्या हिवाळ्यात तुरीआधी मीच मरते की काय असं वाटत होतं. मुदतवाढ मिळाली होती, पण ती देताना आमच्या मॅडमनी चष्मा काढून सांगितलं होतं, "ही शेवटची. यानंतर मी कुणाच्या हातापाया पडणार नाही." मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या कमी बोलायच्या आणि बोलल्या की ते दोन-दोन दिवस कानात राहायचं.

लोक मला 'फोकस'वरचे व्हिडिओ पाठवायचे. पहाटे उठा, थंड पाण्यानं अंघोळ करा, ध्येयाचं चित्र भिंतीवर लावा. माझ्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, तिथे चित्र काय, खिळासुद्धा टिकत नव्हता. शिवाय सल्ला देणाऱ्यांपैकी निम्मे भेटल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचे, "झालं का तुमचं ते पीएच.डी.?" जणू मी दूध गॅसवर ठेवून विसरले होते. मी कधी हसून उत्तर द्यायचे, कधी चिडून. मन लागण्यासाठी माझा एकच उपाय होता: सकाळी मोबाईलला हात लावायच्या आधी मातीला हात लावायचा. प्रयोगशाळेतल्या कुंडीतली का होईना, आधी माती. ते जमलं की दिवस बरा जायचा. नाही जमलं की दुपारपर्यंत मी नुसती खुर्ची गरम करायचे.

खरा प्रयोग मात्र कुंडीत नव्हता, तो सासरच्या शेतात होता. सासर लातूर जिल्ह्यातलं. नवऱ्याचं लातुरात बियाण्यांचं दुकान, सासू-सासरे गावी. सासूबाईंना मी अत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. मामांनी विहिरीजवळचा एक तुकडा मला दिला होता, कारण त्यात दरवर्षी तूर मरायची आणि मला तसलीच रोगट माती हवी होती. मी त्याचे छोटे वाफे पाडले, दोन-दोनच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एका वाफ्यात औषधी बुरशी चोळलेलं बी, दुसऱ्यात साधं बी. बुरशीवाल्या वाफ्यात झाडं जगतात का आणि मुळांजवळच्या मातीत काय काय वाढतं, एवढंच मोजायचं होतं. साध्या वाफ्यांना काहीच करायचं नव्हतं. त्यांना आपल्या मरणानं मरू द्यायचं होतं.

अत्यांना हेच पटत नव्हतं. फुलोऱ्यात आलेली झाडं शेंड्यापासून माना टाकायला लागली तेव्हा त्या बांधावर उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या.

"औषध हाय तुझ्याकडं?"

"आहे."

"आन देईनास?"

"द्यायचं नाही अत्या. ही मेली तरच ती जगली हे कळणार."

त्यांनी कपाळावरचं भस्म पुसल्यासारखा हात फिरवला आणि घराकडे गेल्या. त्या रात्री जेवताना माझ्याशी बोलल्या नाहीत. मला राग आला. सगळ्या विद्यापीठाला कळतं ते घरच्यांना कळू नये, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाळत्या रांगांकडे मलाही बघवत नव्हतं.

शेवटचे नमुने घ्यायचे राहिले होते. प्रत्येक वाफ्यातून मुळांभोवतीची माती आणि मुळं काढायची, पिशव्यांत भरायची आणि बर्फाच्या डब्यातून नांदेडला आणायची. ती एकदा हातात आली की त्या तुकड्याशी माझं काम संपणार होतं. मी दिवस ठरवला, तर त्याच दिवशी विद्यापीठात प्रगतीचा आढावा लागला. समितीतले एक सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या बैठकीत शेवटचे आकडे नसतील तर नोंदणी रद्द करावी लागेल. मग आम्हालाही दोष देऊ नका." मी मान डोलावली. बाहेर आले आणि कॅलेंडर बघितलं. दुसऱ्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानांना कुलपं लागतात, माणूस न् माणूस शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतात, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा होते. मग घरची बाई ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबवलेली अंबील घेऊन सगळ्या शेताभोवती, पिकात ती शिंपत फिरते. याला आमच्याकडे चर म्हणतात. चर झाल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि शेताचा एक कोपराही उपाशी ठेवत नाहीत.

आंबवलेलं ताक, जिवंत जंतूंनी भरलेलं, आणि माझी माती, जिच्यातले जंतूच मला मोजायचे होते. मी तिथूनच अत्यांना फोन लावला.

"अत्या, उद्या माझ्या तुकड्यात अंबील शिंपायची नाही. मी येऊन नमुने घेते, मग शिंपा."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. भज्जीची, म्हणजे सणाच्या मिसळ भाजीची, तयारी चाललेली.

"कवा येशील?"

"पूजेच्या आत."

"हाव. तू आल्याबिगर त्या तुकड्यात पाय ठेवत न्हाई."

सकाळची पहिली बस मिळाली, पण लोह्याच्या पुढे ती बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून टायरला लाथा मारत होता, त्यानं बस चालू होणार असल्यासारखा. दुसरी बस येईपर्यंत मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसले आणि आत बर्फ हलल्याचा आवाज ऐकत राहिले. नवऱ्याला फोन केला, लागेना. शेतात रेंज येत नाही. अहमदपूर गेलं. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. एरवी तिथे काळीपिवळी जीप उभी असते, त्या दिवशी कुत्रंही नव्हतं. मी डबा खांद्याला अडकवून चालायला लागले.

त्या वाटेचं काय सांगू! येळवशीला रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय सोडायचा नाही, अशी रीत. प्रत्येक शेतातून हाका येत होत्या. "ओ ताई, या की! भज्जी तयार हाय!" मी हात जोडत, पळत. एका बाईनं तर वाट अडवून माझ्या ओंजळीत अंबील ओतली.

"घोटभर तरी घ्या. सणाच्या दिवशी नगं म्हणू नये."

"मावशी, माझं काम बुडतंय हो."

"आज कसलं काम?" ती खरोखर नवलानं म्हणाली.

मी अंबील प्यायले, हात पदराला पुसले आणि लगेच थांबले. याच हातांनी मला नमुने घ्यायचे होते. डब्यातली स्पिरिटची बाटली काढून रस्त्यातच हात चोळले. ती बाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की धावण्याचं, कोण जाणे.

आमच्या शेताच्या बांधावर पोचले तेव्हा चरीचा घोष कानावर आला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" अत्या पुढे, कमरेवर अंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर, हातात कडुनिंबाची डहाळी, मागे शेजारच्या बाया. आणि त्या माझ्या तुकड्यात होत्या. पहिल्याच जोडीत त्या शिरल्या होत्या. तिच्यातल्या साध्या वाफ्यात, वाळलेल्या झाडांपाशी वाकून त्यांनी डहाळीऐवजी बिंदगीच कलती केली. धार पडली ती मी बघितली.

"थांबा!"

मी एवढ्या जोरात ओरडले की विहिरीवरचे पारवे उडाले. कोपीजवळ पाहुणे बसले होते, नवऱ्याचे बाजारातले शेजारी, त्यांच्या बायका-मुलं. पत्रावळ्या मांडलेल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायांचा आवाज मध्येच तुटला.

मामा उठून आले. "चर मधी थांबवत नसतेत. वर्षाचा सण हाय. कळतंय का काही?"

"मामा, मी फोन केला होता."

"पूजा होऊन किती येळ झाला! लोकं उपाशी बसलेत."

मी अत्यांकडे बघितलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली. आन ही बघ की, कशी मरायल्यात. सणाच्या दिवशी बघवंना गं."

मी मॅडमना फोन लावत बांधावर चढले, उंचावर एक-दोन काड्या रेंज यायची. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्यानं मला जास्तच भीती वाटली. "ती जोडी वगळा. का वगळली ते प्रबंधात स्पष्ट लिहा. उरलेल्या जोड्या जेमतेम पुरतील. त्यातली आणखी एक जरी गेली तर मला काही करता येणार नाही." फोन बंद झाला.

मी खाली आले आणि डबा उघडला. हातमोजे घातले.

"आधी नमुने," मी म्हटलं. "मग चर."

नवरा माझ्याकडे बघत होता, मग पाहुण्यांकडे. एक क्षण वाटलं, हा आता म्हणेल, जाऊ दे ना, पुढच्या वर्षी कर. तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं, मला आजही ठाऊक नाही. तो आला आणि पिशव्यांचं तोंड धरून बसला.

मी खणायला लागले. प्रत्येक वाफ्यात ठरलेली जागा, ठरलेली खोली. खुरपं दर वेळी स्पिरिटनं पुसायचं. मूळ तुटू द्यायचं नाही. लक्ष सारखं कोपीकडे जात होतं आणि पिशवीवरची अक्षरं वाकडी होत होती. कोपीकडून एका पोराचं "आई, भूक" ऐकू आलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मामा खाकरत येरझारा घालत होते. असल्या वेळी कोणता व्हिडिओ उपयोगी पडतो ते मला सांगा. पळून जावंसं वाटत होतं. पाठीवर सगळ्यांची भूक बसली होती.

मधेच पाणी प्यायला मान वर केली तर अत्या दिसल्या. त्या तिथेच उभ्या होत्या, वाफ्यांच्या बाहेर, भर उन्हात, बिंदगी कमरेवर. चर सुरू झाल्यावर ती पुरी होईपर्यंत बिंदगी जमिनीला टेकवायची नाही, असं आमच्या घरी मानतात. अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. एका बाईनं हात पुढे केला, "आणा, मी धरते." अत्यांनी मान हलवली. त्यांचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

"अत्या, सावलीत तरी जा," मी म्हटलं.

"तुझं तू कर."

मी पुन्हा वाकले. का कुणास ठाऊक, अक्षरं सरळ यायला लागली. मग मला पोराचं रडणंही ऐकू आलं नाही. वाफा, खुरपं, मूळ, पिशवी. नंतर प्रयोगशाळेत, प्रबंध लिहिताना, तोंडी परीक्षेच्या दारात, जेव्हा जेव्हा मन भरकटायला लागलं तेव्हा मी तो वेळ आठवला. माझं मन इतकं एका जागी त्याआधी कधीच राहिलं नव्हतं.

शेवटची पिशवी बर्फात ठेवून झाकण लावलं तेव्हा गुडघे सरळ होईनात. नवऱ्यानं हात देऊन उठवलं.

"झालं का तुझं?" अत्यांनी विचारलं.

"झालं."

"सगळं?"

"सगळं. आता या तुकड्याचं मला काही नको."

"मग ये हिकडं." त्यांनी बिंदगी पुढे केली, पण सोडली नाही. "खालून हात लाव. खांदा गेलाय माझा."

मी हातमोजे काढले आणि बिंदगीला खालून हात लावला. ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून ती धरली आणि चालायला लागलो. बायांनी पुन्हा "ओलगे ओलगे" सुरू केलं, आधी हळू, मग मोठ्यानं. मी सवयीनं हिरव्या, जगलेल्या वाफ्याकडे वळले. अत्यांनी बिंदगी दुसरीकडे ओढली, साध्या वाफ्याकडे, जिथे मी सगळा हंगाम झाडं वाळताना मोजली होती.

"ह्यांना आधी," त्या म्हणाल्या. "तुझ्यापायी मेलीत बिचारी."

मी बिंदगी कलती केली. त्या वाळक्या बुडख्यांना आता काही उपयोग नव्हता हे मला कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी मी एकही झाड सोडलं नाही.