नासका नारळ
काल भाजीसाठी नारळ फोडला, तो नासका निघाला आणि त्या कुबट वासानं मला थेट हिर्डोशी गावात नेऊन उभं केलं. परदेशी निर्मात्यांची इथल्या निर्मात्यांशी गाठ घालून द्यायची, हे माझं काम. दोन वर्षांच्या खटपटीनंतर पुण्याचे एक निर्माते आणि पोलंडच्या एक निर्मात्या बाई एकत्र सिनेमा करायला तयार झाले होते. चित्रीकरण हिर्डोशीतच व्हायचं, म्हणून तिथल्या भातखाचरांच्या कडेला, देवळासमोरच सह्या व्हायच्या होत्या. आधी बाईंच्या हातून नारळ फोडवला, तर काळपट पाणी थेट त्यांच्या बुटांवर उडालं. पुण्याच्या निर्मात्यांनी पेन खिशात घातलं. "अपशकुन झाला. आज नको." बाई गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या. तेवढ्यात देऊळ झाडणाऱ्या आजी केरसुणी टेकवून म्हणाल्या, "अवो, नासका निघाला म्हंजी देवानं आतल्या आत खाल्ला. लई चांगलं झालं!" मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या खळखळून हसल्या, निर्मात्यांनी ओशाळून पेन बाहेर काढलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आता सह्यांच्या दिवशी नारळ पांढराशुभ्र निघाला, की मलाच धाकधूक वाटते.